दानार्पणाचं पत्रक: आधी हिशेब छापा, मग आवाहन

तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्पण घटत चाललंय म्हणून पत्रक आणि अर्पणाची पाकिटं छापायची आहेत, त्यात काय लिहावं, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदार होतो आणि हे काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. पहिलं पत्रक मी साफ बिघडवलं.

दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) आणि अर्पण न देणं म्हणजे देवाला ठकवणं, असं सांगणारं बायबलमधलं वचन, मलाखी ३:८, मी लाल, जाड टायपात डोक्यावर छापलं होतं. पुढच्याच रविवारी उपासना सुटल्यावर एक विधवा आजी पत्रक हातात धरून आल्या. ‘‘बाळा, मी देवाला ठकवते का रे?’’ एवढंच म्हणाल्या. घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला. तीनच वचनं आधी, पाचव्यात, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना आणि विधवा-अनाथांना गांजणाऱ्यांना देवानं धारेवर धरलंय. ते काही मी छापलं नव्हतं. उरलेला गठ्ठा रद्दीत गेला.

दुसऱ्या वेळी बायबलमधल्या २ करिंथ या पत्राचे ८ आणि ९ हे अध्याय समोर ठेवून बसलो. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलानं लिहिलेले हे अध्याय. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे ९:७ सगळ्यांना पाठ असतं, पण खजिनदारानं ८:१९ ते २१ वाचावं. पैशाच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये म्हणून पौल काळजी घेतो, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख हवा म्हणतो. प्रेषिताला ही गरज वाटली, तिथे आपली काय कथा!

म्हणून पत्रकाची सुरुवात हिशेबानं करा. ए-४ कागद मधोमध दुमडला की चार पानं मिळतात, तेवढी पुरतात. आतल्या डाव्या पानावर गेल्या वर्षी किती आलं आणि कशावर गेलं ते पाच-सहा ओळींत: पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) मानधन, वीजबिल, छताची दुरुस्ती, आजाऱ्यांना मदत. ‘इतर खर्च’ ही ओळ मोठी दिसली की लोक तिथेच थांबतात, तेव्हा ती फोडून लिहा. समोरच्या पानावर यंदाची गरज, एकच, आकड्यासकट. ‘प्रभूच्या कार्यासाठी सढळ हाताने द्या’ हे वाक्य वाचून कुणाचाही हात खिशाकडे गेलेला मी पाहिलेला नाही. दशमांशाचा उल्लेख करायचा तर जरूर करा, पण ज्याला जमत नाही त्याला बाहेर काढल्यासारखं वाटू नये. देणाऱ्यांची यादी मात्र अजिबात छापू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६:३ तिथेच मोडतं.

छपाईचं थोडक्यात सांगतो. मजकूर १४ पॉइंटच्या खाली नको, चष्मा विसरून येणारे बरेच असतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर बॉलपेन नीट चालत नाही, म्हणून जिथे नाव-रक्कम लिहायची ते कागद मॅपलिथोच, म्हणजे बिनचकाकीचे, घ्या. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेला की जोडाक्षरं तुटतात, तेव्हा प्रूफ (छपाईआधीची तपासणी-प्रत) स्क्रीनवर नाही, कागदावर तपासा, आणि वचनांचे आकडे दोघांनी. क्यूआर कोड छापणार असाल तर त्या प्रूफवरूनच स्कॅन करून एक छोटी रक्कम पाठवून पाहा. खातं मंडळीच्या नावाचंच हवं, कुणा पदाधिकाऱ्याचं नको.

पाकिटांसाठी १ करिंथ १६:२ चा आधार आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. वर्षाची ५२ पाकिटं, नावाऐवजी क्रमांक टाकून. क्रमांकांची वही फक्त खजिनदाराकडे असावी. आमच्या पाळकांनी ती स्वतःहून नाकारली. कोण किती देतो हे कळलं तर घरभेटीला जाताना मन सरळ राहणार नाही, म्हणाले.