उचलता येते, म्हणून घ्यायची: छोट्या ड्युअल-स्पोर्टची प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न 200 ते 250 सीसीच्या, एक सिलिंडरच्या, डांबरावर आणि कच्च्यात दोन्हीकडे चालणाऱ्या हलक्या गाड्यांबद्दलचे आहेत. माझं स्वतःचं सगळ्यात जास्त फिरणं अशाच गाडीवर झालंय. ही गाडी चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालते, पण देखभालीतली हयगय मात्र तिला अजिबात सोसत नाही. तिच्यात सगळंच थोडं असतं. ऑइल लिटरभर, फिल्टर छोटा, चेन बारीक. त्यामुळे कामं छोटी असली तरी वरचेवर करावी लागतात.

प्रश्न : माझी उंची पाच फूट चार इंच आणि गाडीची सीट 880 मिलिमीटर. दोन्ही पाय टेकत नाहीत. गाडी खाली करून घेऊ का?

आधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते ते. मागच्या एक्सलपासून मडगार्डवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर दोनदा घ्या. एकदा चाक हवेत असताना आणि एकदा तुम्ही हेल्मेट-बूट घालून बसल्यावर. मागच्या चाकाचा वरखाली प्रवास 250 मिलिमीटर असेल, तर या दोन मापांत 65 ते 80 मिलिमीटरचा फरक हवा. माणूस हलका असला की तो बरेचदा कमी भरतो. मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, कमी केला की गाडी तुमच्या वजनाखाली नीट बसते, आणि त्याला खर्च काहीच नाही.

दुसरं म्हणजे दोन्ही पाय टेकायची गरज नसते. थांबायच्या आधी डावा पाय कुठे पडणार ती जागा बघून ठेवा, कंबर सीटवर डावीकडे सरकवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहू द्या. उतार आडवा असेल तर चढाच्या बाजूचा पाय टाका. महिनाभरात सवय होते.

एवढं करूनही जमत नसेल, तर लिंक, म्हणजे मागच्या शॉकला जोडणारी पट्टी, बदलून मागची बाजू खाली घेता येते. पण मागून खाली घेतली की पुढचा भाग तिरका होतो आणि हँडल जड लागतं. म्हणून फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्याही क्लॅम्पमधून तेवढ्याच हिशोबाने वर सरकवाव्या लागतात, आणि फोर्क पूर्ण दबल्यावर चाक किंवा मडगार्ड वर कुठे आदळत नाही ना, ते बघावं लागतं. साइड स्टँडही कापून घ्यावा लागतो. लांब राहिला तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि पलीकडे कलंडते. अजून गाडी घेतली नसेल, तर मुळातच बुटकी बघा. यामाहाची टीडब्ल्यू200 1987पासून आहे. तिची सीट 790 मिलिमीटरच्या आसपास येते आणि जाड टायरांमुळे ती वाळूतही समजूतदार वागते.

प्रश्न : चेन किती सैल ठेवायची? मला ती कायम लोंबल्यासारखी दिसते.

लोंबू द्या. या एका गोष्टीवर मी कितीही वेळ बोलू शकतो, कारण माझ्या पहिल्या गाडीवर मी हीच चूक केली होती. स्टँडवर चेन छान ताणून बसवली, दगडांच्या रस्त्यावर दिवसभर हाणली, आणि परत आलो तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळत होतं. सील गेलं होतं, मागोमाग बेअरिंगही गेलं.

कारण असं. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, जिथे फिरतो तो बोल्ट आणि पुढचा स्प्रॉकेट यांचं केंद्र एक नाही. त्यामुळे चाक वर-खाली होताना चेनला लागणारी लांबी बदलते. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले, की चेन सगळ्यात ताणलेली असते. साध्या गाडीत चाकाचा प्रवास कमी असतो, म्हणून हे जाणवत नाही. ड्युअल-स्पोर्टमध्ये प्रवास लांबलचक, म्हणून स्टँडवरचा सैलपणाही जास्त. मॅन्युअलमध्ये बहुधा 35 ते 50 मिलिमीटर लिहिलेलं आढळेल.

खात्री करायची असेल तर एकदाच हे करा. मागचं चाक आणि फ्रेम यांच्याभोवती पट्टा बांधून मागची बाजू ओढून खाली दाबत आणा, तिन्ही केंद्रं एका रेषेत येईपर्यंत. त्या जागी चेन बोटाने हलली पाहिजे, थोडीशीच, पण हललीच पाहिजे. मग पट्टा सोडा, स्टँडवर सैलपणा मोजा आणि तो आकडा स्विंगआर्मवर लिहून ठेवा. तुमच्या गाडीचा तोच आकडा. मोजताना चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून माप सगळ्यात ताठ जागेवर घ्यायचं.

साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब करतात. आणि कळकळीने सांगतो, इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं ओढलं जातं आणि त्याच्यामागून बोट जातं.

प्रश्न : चढावर पहिला गिअरही लांब वाटतो. मागचा स्प्रॉकेट बदलू का?

आधी पुढचा बदला, तो स्वस्त पडतो. समजा पुढे 14 आणि मागे 42 दाते आहेत, म्हणजे गुणोत्तर 3.0. पुढे 13चा लावला की ते 3.23 होतं, म्हणजे चढावर जोर वाढतो. तेवढंच मागून मिळवायचं तर 45चा लावावा लागेल आणि कदाचित चेनही लांब घ्यावी लागेल. मोठ्या रस्त्यावर इंजिन थोडं जास्त ओरडेल, ते धरून चाला. पुढचा स्प्रॉकेट फार छोटा करू नका. चेन त्याच्यावर जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर खाते.

प्रश्न : कच्च्यात हवा कमी करा म्हणतात. मी केली आणि दोनदा पंक्चर झालं. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा होत्या.

साप चावल्यासारख्या त्या दोन चिरा म्हणजे ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली. खिळा नव्हता, हवा कमी पडली. मऊ मातीत आणि वाळूत 15 पीएसआय चालतात, पण टोकदार दगडांत 18च्या खाली जाऊ नका, सामान असेल तर आणखी वर. डांबरावर परत आलात की मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत भरा. कमी हवेचा टायर वेगात तापतो.

हवा कमी असली की दुसराही त्रास होतो. ब्रेक किंवा ॲक्सिलरेटरच्या झटक्याने टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूबही ओढतो. वॉल्व तिरका होतो आणि एक दिवस बुडापासून फाटतो. म्हणून वॉल्वचा बारीक नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. मग वॉल्व तिरका झालेला लांबूनही दिसतो आणि तुटायच्या आधी ट्यूब सरळ करता येते. फारच कमी हवेवर चालवणार असाल तर रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प, बसवा.

जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढची, 21 इंचांची न्या. अडल्यावेळी ती मागच्या 18 इंचांच्या चाकात घडी पडून का होईना बसते आणि घरापर्यंत आणते. 18ची पुढे ताणून बसवणं मात्र धोक्याचं. टायर काढता-घालता येत नसेल तर घरी, सावलीत, घाई नसताना दोनदा करून बघा. लीव्हरच्या समोरच्या बाजूची टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरली, की उरलेली कड जोर न लावता येते. न येण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

प्रश्न : पूर्वी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. आता त्रास देते, पण टॅपेटचा आवाज अजिबात नाही. इंजिन तर शांत आहे!

शांत आहे म्हणूनच मला काळजी वाटते. व्हॉल्व्ह झिजून आपल्या बैठकीत आत-आत बसत जातो, तशी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली, फट कमी होते आणि आवाजही जातो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळू लागतो. बारीक टकटक करणारा टॅपेट तब्येतीचा समजायचा. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, फट बघा. हे काम पुढे ढकलू नका.

फट बरोबर निघाली आणि गाडी कार्ब्युरेटरची असून महिनोन्‌महिने उभी असेल, तर आयडलचा बारीक जेट जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजला असणार. पुढच्या वेळी गाडी ठेवून देताना फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

प्रश्न : धुळीत फिरल्यावर एअर फिल्टर कधी धुवायचा?

दिवसभर दुसऱ्या गाडीच्या मागे धूळ खाल्ली असेल तर त्याच संध्याकाळी. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवा. पिळू नका, शिवण फाटते. पूर्ण वाळल्यावर फिल्टरचं ऑइल सगळीकडे सारखं मुरवा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. बसवल्यावर काही दिवसांनी डब्याच्या आतल्या, इंजिनकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. ते मळलं तर धूळ कडेने आत जातेय, कडेला ग्रीसचा पातळ हात द्या.

प्रश्न : एवढ्याशा गाडीवर लांबचा प्रवास होतो का?

होतो. 1968 साली आलेली यामाहाची डीटी-1 250 सीसीचीच होती आणि तिच्यामुळे अशा गाड्या घरोघरी पोचल्या. ताशी 80 धरून दिवसाचा हिशोब करा, सामान मऊ पिशव्यांत आणि कमी न्या, रोज सकाळी ऑइल बघा. लिटरभर ऑइलमधलं पावशेर जळालं तर इंजिनाला कळतं.

प्रश्न : मी एकटीच फिरते. गाडी पडली तर उचलायची कशी? लीव्हरही तुटतात.

आधी इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, पहिला गिअर टाका, म्हणजे उचलल्यावर घरंगळणार नाही. हँडल पूर्ण वळवून खालची मूठ दोन्ही हातांनी धरा, गाडीजवळ उकिडवं बसा, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उठा. उतारावर पडली असेल तर आधी तिला जमिनीवरच गोल ओढून चाकं उताराच्या खालच्या बाजूला आणा.

लीव्हरसाठी युक्ती सोपी आहे. त्यांच्या क्लॅम्पखाली हँडलवर टेफ्लॉनची टेप गुंडाळा आणि बोल्ट एवढाच आवळा, की जोरात दाबल्यावर लीव्हर फिरेल. पडल्यावर तो तुटण्याऐवजी सरकतो.

उभी केल्यावर लगेच सेल्फ मारू नका. सांडलेल्या पेट्रोलचा वास जाऊ द्या. ॲक्सिलरेटर पिळून सोडा, तो आपोआप परत येतो का बघा. पुढचा ब्रेक दाबा. पाण्यात पडली असेल तर प्लग आणि एअर फिल्टर आधी काढून बघा. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.