साखळीत घर विकताना-घेताना

पहिल्यांदाच करताय, तर पोटात गोळा येणारच. साखळी म्हणजे एकाची खरेदी दुसऱ्याच्या विक्रीवर अवलंबून असलेले, एकात एक गुंतलेले घरांचे व्यवहार. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल (दोन्ही बाजूंनी सही केलेले करार एकमेकांना देऊन व्यवहार पक्का करणं) होईपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं, आणि साखळीतला एक फिरला की सगळेच अडकतात. सध्या एवढंच सांभाळा:

- अदलाबदलीआधी सामानाचा ट्रक ठरवू नका, भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका. मी घाई केली. तारीख दोनदा पुढे गेली, ट्रकची आगाऊ रक्कम बुडाली. फार मनस्ताप झाला.
- वकिलाचे फॉर्म आले त्याच दिवशी भरा.
- साखळीत कोण कुठे अडकलंय, हे एजंटला दर आठवड्याला विचारा. संकोच नको.

अदलाबदलीच्या वेळी साधारण 10 टक्के अनामत लागते. तुमच्या खरेदीदाराची अनामत तुमच्या नव्या घरासाठी पुढे वापरता येईल का, हे वकिलाला आत्ताच विचारून ठेवा. बाकीचं नंतर बघू.