हा विद्युतप्रवाह नेमका कोणाचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: द्राक्षकाढणीच्या दिवसांत बागेतच बोट टोचून रक्तातील साखर पाहिली, तर ती २६० आली. घरी येऊन हात धुऊन पुन्हा पाहिली, तर १५० भरली. यंत्र बिघडले आहे का? (एक बागायतदार, निफाड)

उत्तर: यंत्र बिघडलेले नाही. त्याने थेंबात जे होते तेच मोजले, परंतु त्या थेंबात आपल्या रक्ताबरोबर द्राक्षाचा रसही होता. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण १६ ते १८ टक्के साखर असते आणि तिच्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. म्हणजे १०० मिलिलिटर रसात सुमारे ८ ग्रॅम, अर्थात ८,००० मिलिग्रॅम ग्लुकोज झाले. यंत्राचा आकडाही १०० मिलिलिटर रक्तातील ग्लुकोजचे मिलिग्रॅमच सांगतो, त्यामुळे रक्ताच्या थेंबात असा रस केवळ शंभरावा भाग मिसळला, तरी आकडा ८० ने वाढतो.

यात रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्टीचे कौतुक करण्यासारखी एक गोष्ट आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे रेणुसूत्र एकच आहे. दोहोंत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. तरीही पुष्कळ पट्ट्यांवर असणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे ठरावीक रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) फ्रुक्टोजला जवळ करत नाही. आपल्या बोटावरच्या फ्रुक्टोजचा त्या २६० मध्ये वाटा नव्हता; वाढ झाली ती खऱ्याखुऱ्या ग्लुकोजमुळेच, फक्त ते आपल्या शरीरातले नव्हते. हा भेद कोणताही संवेदक (सेन्सर) करू शकणार नाही. म्हणून स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नये. हात साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि मगच बोट टोचावे.

प्रश्न: माझ्या आईला शिरेतून क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्यात आली. त्यानंतर घरच्या यंत्रावर साखर खूप जास्त दिसली आणि प्रयोगशाळेत कमी आली. विश्वास कोणावर ठेवावा? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: त्या काही तासांपुरता दोन्हींवर सावधपणे ठेवावा. घरच्या पट्टीवर विकर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते, ते एका मध्यस्थ रसायनाकडे सोपवते आणि तो मध्यस्थ ते इलेक्ट्रोडवर, म्हणजे पट्टीतील विद्युतवाहक टोकावर, उतरवतो. यंत्र मोजते तो हा विद्युतप्रवाह. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, इलेक्ट्रॉन देण्यास इतके तत्पर असते की विकराची वाट न पाहता ते थेट मध्यस्थाला किंवा इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देऊन टाकते. यंत्राच्या दृष्टीने प्रवाह वाढला म्हणजे साखर वाढली.

प्रयोगशाळेत मात्र पुष्कळ ठिकाणी रंगाची पद्धत वापरतात. तिच्यात ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्यापासून रंग उमटतो. ॲस्कॉर्बिक आम्ल ते पेरॉक्साइड मधेच खर्च करते, रंग फिका पडतो आणि साखर कमी दिसते. एकच पदार्थ एका पद्धतीत आकडा वर ढकलतो आणि दुसरीत खाली ओढतो. अशा वेळी प्रयोगशाळेला मात्रेची कल्पना द्यावी आणि हेक्झोकायनेज या दुसऱ्या विकराच्या पद्धतीने तपासणी होईल का, हे विचारावे. त्या पद्धतीवर क जीवनसत्त्वाचा परिणाम फारसा होत नाही. घरच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा स्वतःहून वाढवू नये. रोजच्या आवळ्या-लिंबाची धास्ती घेण्याचे कारण नाही. हा प्रश्न शिरेतून दिलेल्या काही ग्रॅमच्या मात्रेचा आहे.

प्रश्न: वडिलांचे पोटातून डायालिसिस चालू आहे. त्यांच्यासाठी कोणतीही पट्टी चालेल का? (सिन्नर)

उत्तर: नाही, आणि ही बाब जिवाशी निगडित आहे. डायालिसिसच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) असेल, तर शरीरात त्यापासून माल्टोज ही वेगळी साखर तयार होते. काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी असणाऱ्या पीक्यूक्यू प्रकारच्या ग्लुकोज डिहायड्रोजनेज विकराला माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. साखर प्रत्यक्षात घसरलेली असताना यंत्र ती भरपूर दाखवते, त्यावर इन्सुलिन दिले जाते आणि रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. अशा मृत्यूंच्या नोंदी झाल्यावर २००९ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला होता. पट्टीच्या माहितीपत्रकात कोणते विकर आहे ते पाहावे आणि द्रवाचे नाव डॉक्टरांना अवश्य सांगावे.

प्रश्न: मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात कार्बन इलेक्ट्रोडवर डोपामिन (मेंदूतील एक संदेशवाहक रसायन) मोजत आहे. ॲस्कॉर्बिक आम्ल व युरिक आम्ल मिसळले की प्रवाहाच्या आलेखावर तिघांचे मिळून एकच पसरट शिखर येते. ग्राफीनचा (कार्बनच्या अतिपातळ थराचा) लेप दिल्यावर तीन शिखरे वेगळी झाली. काम पूर्ण झाले असे समजावे का? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: आपण अर्धी वाट चांगली चालून आला आहात. साध्या कार्बनवर हे तिन्ही रेणू जवळजवळ एकाच विभवाला (विद्युतदाबाला) ऑक्सिडीकृत होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतात. चांगल्या लेपामुळे त्यांच्यात शे-दीडशे मिलिव्होल्टचे अंतर पडते आणि शिखरे सुटी होतात. परंतु शिखर वेगळे दिसणे आणि ते त्याच रेणूचे असल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सर्वाधिक आग्रह दुसरीसाठी आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करावा. रक्तद्रवात युरिक आम्ल शेकडो मायक्रोमोल आणि ॲस्कॉर्बिक आम्ल काही दहा मायक्रोमोल असते. डोपामिन मात्र नॅनोमोलच्या घरात, म्हणजे हजारो पटींनी कमी. तिघेही समप्रमाणात घेऊन काढलेला सुबक आलेख शरीरातील स्थिती दाखवत नाही.

दुसरे असे की डोपामिनचे ऑक्सिडीकरण होऊन जे क्विनोन बनते, त्याला ॲस्कॉर्बिक आम्ल पुन्हा डोपामिन करून टाकते. तोच रेणू इलेक्ट्रोडवर वारंवार इलेक्ट्रॉन देऊ लागतो आणि डोपामिन न वाढताही त्याचे शिखर वाढते. म्हणून डोपामिन स्थिर ठेवून केवळ ॲस्कॉर्बिक आम्ल वाढवत न्यावे आणि डोपामिनचे शिखर हलते का, ते पाहावे. हलत असेल, तर नाफिऑन या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ थर देऊन पाहावा. शरीराच्या सामूला (पीएचला), म्हणजे ७.४ ला, डोपामिन धनभारित असते आणि बाकीचे दोघे ऋणभारित. नाफिऑन स्वतः ऋणभारित असल्याने डोपामिनला आत घेते आणि त्या दोघांना बाहेर थोपवते. मात्र नॉरएपिनेफ्रिन हे दुसरे संदेशवाहक रसायनही धनभारित असून त्याची कॅटेकॉलची, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कड्याची, घडण डोपामिनसारखीच आहे, त्यामुळे हा दरवाजा त्याला अडवणार नाही. ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहावी.

ओळख पटवण्यासाठी मला सर्वांत आवडणारी कसोटी साधी आहे. नमुन्यात युरिक आम्ल नष्ट करणारे युरिकेज विकर घालावे. ज्या शिखराला आपण युरिक आम्लाचे म्हणता, ते नाहीसे झाले पाहिजे. ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेजने ॲस्कॉर्बिक आम्लाचे शिखर गेले पाहिजे. त्यानंतर खऱ्या मूत्राच्या नमुन्यात डोपामिनची ज्ञात मात्रा टप्प्याटप्प्याने मिसळून ती कितपत परत मिळते ते मोजावे, आणि एकाच इलेक्ट्रोडवर लागोपाठ मोजमापे घेऊन प्रवाह खालावतो का, हेही पाहावे. प्रथिने आणि खुद्द डोपामिनपासून बनणारा चिकट थर इलेक्ट्रोडला हळूहळू आंधळा करतात.

प्रश्न: आरशातील प्रतिमेसारखे दोन रेणू असतील, तर त्यांना संवेदक वेगळे ओळखू शकतो का? (शिक्षक, मालेगाव)

उत्तर: साधा इलेक्ट्रोड ओळखू शकत नाही, कारण अशा जोडीतील दोन्ही रेणूंना इलेक्ट्रॉन सोडण्यासाठी लागणारी ऊर्जा अगदी सारखी असते आणि विभव बदलून काहीच साधत नाही. डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला नीट बसत नाही, तसा स्वतःच एका हाताचा असलेला पृष्ठभाग तेथे लागतो. उदाहरणार्थ, सायक्लोडेक्स्ट्रिनची (ग्लुकोजच्या रेणूंपासून बनलेली) कडी किंवा एखादे विकर. सेरीन या अमिनो आम्लाची डी आणि एल अशी आरशातील प्रतिमांसारखी दोन रूपे आहेत; मेंदूतील डी-सेरीन मोजताना डी-अमिनो आम्ल ऑक्सिडेज वापरतात; ते एल-सेरीनला सोडून देते आणि डी-सेरीनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, जे प्लॅटिनमवर मोजता येते. मात्र ज्या विभवाला पेरॉक्साइड मोजतात, त्याच विभवाला ॲस्कॉर्बिक आम्लही इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे त्याला अडवणारा थर येथेही द्यावाच लागतो.