दगड मूळचा कुठला?

प्रश्न : इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिलावर्तुळाच्या मध्यभागी पडलेली ‘वेदीशिला’ स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आल्याचे वाचनात आले. दगडावर काही लिहिलेले नसताना त्याचे मूळ ठिकाण कसे ओळखतात?

उत्तर : सगळ्या दगडांना एकच कसोटी चालत नाही. स्टोनहेंजमधील आकाराने लहान असलेले ‘निळे पाषाण’ तसे सोपे होते. त्यांपैकी पुष्कळांचा खडक, म्हणजे डोलेराइट, फिकट ठिपक्यांचा असल्याने चटकन ओळखू येतो, आणि भूवैज्ञानिक हर्बर्ट थॉमस यांनी १९२३ मध्ये त्याची सांगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांशी घातली. त्यांनी टेकड्या बरोबर ओळखल्या, नेमका कडा मात्र चुकला. त्याच टेकड्यांतील कार्न गोएडोग हा कडा मुख्य स्रोत असल्याचे पुढे रासायनिक पृथक्करणातून दिसले.

उंच सार्सेन पाषाण जवळजवळ निव्वळ सिलिकाचे असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही बोलत नाहीत. तेथे अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये मोजावी लागली. १९५८ मध्ये एका तडकलेल्या पाषाणाला आधार देण्यासाठी छिद्रे पाडताना निघालेली दगडी कांडी एका कामगाराने जपून ठेवली होती. ती २०१८ मध्ये परत मिळाली आणि २०२० मध्ये तिचे मूळ सुमारे २५ किलोमीटरवरील वेस्ट वुड्स येथे असल्याचे ठरले. आज ती कांडी हाती नसती, तर संरक्षित स्मारकाला भोक पाडू कोण देणार?

वेदीशिला वालुकाश्माची आहे, म्हणजे तिचे कण मुळात आणखी जुन्या खडकांतून झिजून आलेले आहेत. अशा कणांमध्ये असलेल्या झिरकॉन या खनिजाचा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही; म्हणून आज त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या विघटनातून आलेले असते आणि त्यावरून कणाचे वय निघते. झिरकॉन, ॲपेटाइट व रुटाइल या खनिजांच्या अनेक कणांची वये एकत्र मांडली की वयांचा एक आलेख तयार होतो. हा आलेख वेल्सच्या वालुकाश्माशी जुळेना, स्कॉटलंडच्या ऑर्केडियन खोऱ्याशी (प्राचीन गाळाच्या खडकांच्या प्रदेशाशी) मात्र जुळला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ६ टनांची शिला, अंतर किमान ७५० किलोमीटर!

तरीही ‘स्कॉटलंड’ म्हणजे खाण नव्हे. खोरे विस्तीर्ण आहे. त्यातील, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कने द्वीपसमूहाच्या मुख्य बेटावरचे दगड त्याच वर्षी तपासले गेले आणि तेही जुळले नाहीत.