नगरपालिकेच्या उद्यानाचे वनस्पती उद्यान करताना सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की, गावातील चार एकरांच्या उद्यानात सुमारे दोनशे प्रकारची झाडे आहेत, त्यांचे रीतसर वनस्पती उद्यान करावे असे समितीत ठरले आहे आणि हाती थोडा निधीही आहे, तर पहिल्या वर्षी कोणती दुर्मीळ झाडे आणावीत. एका वनस्पती उद्यानातील झाडांच्या संग्रहाचे काम मी बरीच वर्षे पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, पहिले वर्षभर एकही झाड आणू नये आणि तो सगळा वेळ नोंदवहीला द्यावा.

ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, तसाच बागेत येणाऱ्या प्रत्येक रोपाला किंवा बियाण्याच्या पुडीला तो द्यावा लागतो. समजा, 2024 मध्ये सदतिसाव्या खेपेला तीन रोपे आली, तर त्यांचा क्रमांक 2024-0037 आणि रोपे अ, ब, क. त्या क्रमांकापुढे रोप कोणाकडून आले, कोणत्या दिवशी आले, बी होते की कलम आणि मुळात ते कोठले, एवढे लिहावे. रोप मेले तर मेल्याची तारीख आणि कारण लिहावे. नोंद खोडू नये आणि तो क्रमांक दुसऱ्या झाडाला कधीही देऊ नये, कारण त्या जागी ते झाड का जगले नाही हे पुढच्या माणसाला तेथूनच कळणार असते.

या साऱ्यांत ‘मुळात कोठले’ हा रकाना सर्वांत मोलाचा असतो. झाडाची उंची आणि घेर केव्हाही मोजता येतो, नाव उशिरा का होईना तज्ज्ञाकडून लावून घेता येते, पण उगम एकदा हरवला की तो पुन्हा सापडत नाही. सीता अशोकाची दोन झाडे शेजारी शेजारी उभी आहेत, त्यांपैकी एक रोपवाटिकेतून आणलेले आहे आणि दुसरे सह्याद्रीतील एखाद्या देवराईत पडलेल्या बियांपासून वाढवलेले आहे, असे समजा. दिसायला दोन्ही सारखीच, पण उद्या त्या देवराईत पुन्हा लागवड करायची ठरली तर दुसऱ्याचाच विचार होईल, तोही नोंद असेल तरच. म्हणूनच जगभरच्या उद्यानांत वन्य, वन्य रोपापासून बागेत वाढवलेले, बागेतीलच आणि अज्ञात अशा चार खुणा वापरतात. आपल्या दोनशेपैकी बहुतेकांपुढे ‘अज्ञात’ लिहावे लागेल. ते लिहिण्यात कमीपणा मानू नये. अंदाजाने भरलेला उगम कोऱ्या रकान्यापेक्षा अधिक नुकसान करतो.

नोंदवही आणि कुंडी यांतला दुवा तुटला की काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. खर्चुडीच्या, म्हणजे कंदीलपुष्पाच्या, अनेक जाती पश्चिम घाटाखेरीज कोठेही आढळत नाहीत. पावसाळ्यात वेल वर येतो, कंदिलासारखी फुले लागतात आणि पावसाळा सरल्यावर वेल वाळून जमिनीखाली फक्त कंद उरतो. एका बागेत उन्हाळ्याच्या साफसफाईत नव्या कामगाराने ‘रिकाम्या’ कुंड्यांतील माती एका ढिगात ओतली आणि कुंड्यांवरच्या क्रमांकाच्या पाट्या धुऊन एका डब्यात नीट रचून ठेवल्या. ढीग चाळून सुपारीएवढे कंद आम्ही वेचून काढले, त्यांतले बरेचसे जूनमध्ये फुटलेही. फुले आल्यावर जाती ओळखता आल्या, पण कोणता कंद कोणत्या डोंगरावरचा हे आता कोणीही सांगू शकत नाही. दोष त्या कामगाराचा नव्हता. कुंडीत कंद झोपलेला आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी पाटीवरचा क्रमांक कुंडीच्या अंगावरही रंगवून घेतो.

पाटीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण याच बाबतीत हेळसांड होते. जुन्या झाडांवर पत्र्याची पाटी खिळ्यांनी घट्ट ठोकलेली असते आणि खोड जाड होत गेले की साल दोन्ही बाजूंनी चढून ती गिळते. शेवटी मधली दोन-तीन अक्षरे तेवढी वाचता येतात. पाटी ॲल्युमिनियमची, अक्षरे ठोकून उमटवलेली असावी आणि ती स्प्रिंगवर अशी लटकवावी की खोडाला वाढायला जागा राहील. तिच्यावर क्रमांक अवश्य हवा, कारण नावे बदलतात. आपली बाभूळ पुस्तकांतून अनेक वर्षे अकेशिया निलोटिका होती. 2005 मध्ये व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींसाठी राखले आणि बाभूळ पुढे व्हॅचेलिया झाली. क्रमांक पक्का असला की नाव वहीत आणि पाटीवर सावकाश दुरुस्त करता येते.

यानंतर नवी झाडे. समितीने दोन पानांचे धोरण लिहून घ्यावे: आपला संग्रह कशाचा असेल, काय घेणार आणि काय नाकारणार. भेट म्हणून आलेले प्रत्येक रोप स्वीकारण्याची प्रथा मोडणे सर्वांत कठीण जाते, तरी ती मोडावीच. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आली होती आणि आज ती देशभरच्या जंगलांत पसरली आहे. उलट, मुंबईच्या राणीच्या बागेतील उर्वशी पाहावी. मूळच्या ब्रह्मदेशातील या झाडाला बी क्वचितच धरते, रानात ते फारच विरळ उरले आहे आणि गुटी कलमाने वाढवत बागांनीच ते राखले आहे. असे झाड घ्यायचे तर त्याचे एक कलम दुसऱ्या बागेलाही द्यावे, म्हणजे एका वादळात सारे जात नाही. रानातून काही आणायचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि बी एकाच झाडाचे न घेता शक्य तितक्या झाडांचे थोडे थोडे घ्यावे.

आपल्या उद्यानातील सर्वांत जुने माळीकाका निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्याबरोबर वही घेऊन प्रत्येक वाफ्यातून फिरावे. हे रोप कोणी आणले, कोठून आणले, आधी येथे काय होते, हे त्यांना पुष्कळदा आठवते. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह आणि ‘ऐकीव’ अशी खूण करून लिहावे. हे काम पावसाळ्याआधी उरकावे. एकदा लागवडीची गडबड सुरू झाली की त्यांना बसून बोलायला वेळ मिळत नाही.