सशापासून एल्कपर्यंत (हरणाच्या जातीचा उत्तर अमेरिकेतला खूप मोठा प्राणी) सगळ्याला चालेल अशी एकच रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही लहान-मोठ्या दोन्ही शिकारीसाठी एकच रायफल विचारलीय म्हणून सरळ सांगतो, .३०८ विंचेस्टर (काडतुसाचं नाव) घ्या, बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढायची), वर ३-९×४० चा साधा स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची नेमाची दुर्बीण). निवड नेहमी सगळ्यात मोठ्या प्राण्यावरून करायची, कारण मोठ्या कॅलिबरने (गोळीची जाडी) लहान प्राणी मारता येतो पण कमी ताकदीच्या गोळीने एल्क जखमी होऊन पळून जातो आणि कुठेतरी तडफडत मरतो, ते मला अजिबात पटत नाही.

.२४३ पण बरेच जण सुचवतील. ते १९५५ चं, .३०८ च्याच काडतुसाच्या पितळी केसची (नळकांड्याची) मान बारीक करून बनवलेलं, गोळ्या ५५ पासून १०५ ग्रेनपर्यंत (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) मिळतात, धक्का कमी. कोल्हा ते हरीण एवढ्यासाठी खरंच मस्त आहे, पण एल्कवर मी वापरणार नाही. .३०-०६ मध्ये २२० ग्रेनपर्यंत जड गोळी मिळते, पण धक्का जास्त बसतो आणि धक्क्याची भीती बसली की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो, मग कॅलिबर कितीही भारी असलं तरी उपयोग काय.

आता खरा मुद्दा गोळीचा. पातळ जॅकेटची (गोळीवरचं धातूचं आवरण) हलकी गोळी लागल्या लागल्या फुटते, कोल्ह्याला ठीक, पण मोठ्या जनावराच्या खांद्यावर वरच्यावरच फुटेल, आत फुप्फुसापर्यंत जाणारच नाही. तिथे १६५-१८० ग्रेनची बाँडेड (जॅकेट आतल्या शिशाला पक्कं चिकटवलेली) किंवा पूर्ण तांब्याची पाहिजे. आणि गोळी बदलली की झिरो (स्कोपचा नेम जिथे तिथेच गोळी लागावी अशी सेटिंग) पण बदलतो!! वजन बदललं की १०० मीटरवर गोळी नुसती वरखाली नाही तर डावी-उजवीकडे पण सरकते, आणि प्रत्येक रायफलचं वेगळं असतं. त्यामुळे स्कोप जड गोळीवर झिरो करा, मग त्याच सेटिंगवर हलकी गोळी कागदावर मारून बघा कुठे लागते, आणि ते चिठ्ठीवर लिहून दस्त्यावर चिकटवा. ऐनवेळी आठवत नाही.

सशाचं मात्र .३०८ ने अवघडच आहे. अंगावर लागली तर खायला काही उरत नाही, डोक्यावरच मारावी लागते. ससे खाण्यासाठीच मारणार असाल तर एक .२२ एलआर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची रायफल) वेगळी घ्याच, सरावालाही तीच स्वस्त पडते. घरी काडतुसं भरणारे .३०८ मध्ये शिशाच्या गोळीची कमी वेगाची काडतुसं बनवतात, पण ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या पावडरनेच, कुठलीही पावडर मनाने कमी करू नका, नळी फुटू शकते.

घ्यायच्या आधी तिथला कायदा बघा. इंग्लंडमध्ये बहुतेक जातींच्या हरणांना किमान .२४० कॅलिबर आणि १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते, काही ठिकाणी उलट लहान प्राण्यांवर सेंटरफायर (.३०८, .२४३ सारखी ताकदवान काडतुसं) चालतच नाही. तुमच्याकडे परमिटवर सगळ्यात मोठा प्राणी कोणता मिळतो ते कमेंटमध्ये सांगा, हरणापर्यंतच असेल तर मी पण .२४३ च म्हणेन.