किडनी सहापैकी सहा जुळूनही रिजेक्शन आलं. सायटोकाइनची जनुकं आधी तपासायला हवी होती का?

तुम्ही लिहिलंय की भावाला सख्ख्या बहिणीची किडनी बसवली, सहापैकी सहा जुळलं, क्रॉसमॅच निगेटिव्ह, तरी चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन चढलं आणि बायॉप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, निघालं. सायटोकाइनची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना हाक मारायला सोडतात त्या प्रथिनांची, जनुकं आधी तपासली असती तर टळलं असतं का?

मी एचएलए टायपिंगच्या, म्हणजे पेशींवरची ओळखचिन्हं जुळतात का ते बघणाऱ्या, लॅबमध्ये काम करते. टळलं असतं असं मला वाटत नाही. पण ‘सहापैकी सहा’ आम्हीच छापून देतो आणि घरचे ते वाचून निर्धास्त होतात, तेवढा त्याचा अर्थ नसतो.

हे सहा म्हणजे एचएलए-ए, बी आणि डीआर, प्रत्येकाची एक प्रत आईची, एक वडिलांची. तिन्ही सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली, म्हणून मुलांत सहसा गठ्ठ्यानेच उतरतात आणि सख्ख्या भावंडांत चारात एकदा सगळी जुळतात. बाकीच्या गुणसूत्रांकडे आम्ही बघतच नाही. २०१९ साली दुसऱ्या गुणसूत्रावर, लिम्स१ जनुकाजवळ रिजेक्शनशी संबंध असलेली एक जागा सापडली. तिथला डीएनएचा तुकडा रुग्णाच्या दोन्ही प्रतींतून गळालेला असेल आणि दात्याकडे शाबूत असेल, तर रिजेक्शनचा धोका सुमारे दीडपट. सहा जुळलेल्या बहीणभावांतही हा फरक असू शकतो. १९५४ मधलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांत झालं होतं, ते उगाच नाही: त्यांची सगळीच जनुकं सारखी असतात.

क्रॉसमॅचचंही तसंच. त्यात रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी मारणाऱ्या अँटीबॉडी आहेत का ते बघतात. भावाचं सीरम, बहिणीच्या लिम्फोसाइट पेशी, वरून सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणारी प्रथिनं), मग रंग. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी गोल, चकचकीत दिसतात. मेलेल्या रंग पिऊन काळवंडतात. एकही काळवंडली नाही, तर त्या सीरममध्ये मारक अँटीबॉडी सापडल्या नाहीत, इतकंच कळतं. भावाच्या टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पेशी, पुढे काय करतील ते त्या ट्रेमध्ये दिसत नाही.

टी-पेशीला परकं काही दिसलं आणि तिच्यावरच्या सीडी२८ या प्रथिनाकडून दुजोरा मिळाला, की ती इंटरल्यूकिन-२ हे सायटोकाइन सोडते आणि फौज वाढते. ही हाक कुणाची मोठी, कुणाची बारीक, यात जनुकांचा वाटा आहेच. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१० या सायटोकाइनांच्या जनुकांतल्या एकेका अक्षराच्या फरकावर कितीतरी अभ्यास झाले. काहींत रिजेक्शनशी संबंध दिसला, काहींत अजिबात नाही. असा रिपोर्ट फाइलला लावून डॉक्टरांनी वेगळं केलं तरी काय असतं?

माझ्या मते विचारण्यासारखं जनुक वेगळंच आहे, आणि ते प्रतिकारशक्तीचं नाहीच: सीवायपी३ए५. टॅक्रोलिमस हे रिजेक्शन रोखायचं औषध तीच इंटरल्यूकिन-२ ची हाक दाबतं. या जनुकाची चालू प्रत ज्यांच्याकडे असते, त्यांचं शरीर औषध भराभर मोडतं. त्यांना साधारण दीड ते दोनपट डोस लागतो. तो मिळेपर्यंत रक्तातली औषधाची लेव्हल खालीच राहते आणि टी-पेशींना मोकळं रान मिळतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांच्या लेव्हल काढून बघा. रक्त सकाळच्या गोळीआधी दिलं होतं ना, तेही भावाला विचारा. गोळी घेऊन लॅबला आलेल्या माणसाचा आकडा फुगून येतो आणि कमी पडणारा डोस पुरेसा वाटतो.

बहिणीला अपराधी वाटतंय म्हणालात. तिने यात काहीही चुकवलेलं नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

पुढच्या भेटीला तारीख, डोस आणि लेव्हल एका कागदावर ओळीने लिहून न्या. दात्याविरुद्ध नव्या अँटीबॉडी तयार झाल्यात का, ही तपासणी झाली नसेल तर तीही विचारा. आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी स्वतःहून वाढवू नका.